लोकरीचा साठा आणि चारशे रुपयांचा काटा

उरलेली लोकर संपवायची म्हणून नमुन्यांचं नवं पुस्तक घेऊ नका, सुयांचा नवा संच घेऊ नका आणि ‘याच रंगाचा फक्त एक गुंडा’ आणायला बाजारात तर मुळीच जाऊ नका. आधी काटा घ्या. पीठ-साखर मोजायला स्वयंपाकघरात वापरतात तो साधा डिजिटल काटा. मी तो फोंड्याच्या वरच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून घेतला, चारशे रुपयांच्या आत. विणकामासाठी आजवर जेवढं सामान घेतलं, त्यात इतक्या कमी पैशांत इतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

वस्तू अगदी साधी आहे. पांढरं प्लास्टिकचं अंग, वर गोल थाळी, खाली दोन एए सेल. दहा किलोपर्यंत वजन घेतो आणि एकेक ग्रॅम दाखवतो. एसएफ-४०० असा त्याचा नंबर. याच साच्यातले काटे वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, त्यामुळे कंपनी शोधत बसण्यात अर्थ नाही; हातात आलेला नग बरोबर आहे की नाही तेवढं बघा. त्याला सोपा उपाय आहे. २०११ च्या मालिकेतली पाच रुपयांची पिवळी नाणी प्रत्येकी ६ ग्रॅमची असतात. पाच नाणी ठेवली की ३० दिसायला हवेत, दहा ठेवली की ६०. दुकानदाराने गल्ल्यातून नाणी काढून दिली आणि स्वतःही उत्सुकतेने बघत उभा राहिला.

माझ्याकडची लोकर म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आणि पलंगाखालचे मोठे डबे. त्यात वर्धमान कंपनीच्या ॲक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम लोकरीचे, अर्धेमुर्धे गुंडे सर्वांत जास्त. सासूबाईंनी जुने स्वेटर उसवून, धुऊन बांधून ठेवलेल्या लडी आहेत. भावजी लष्करात असताना त्यांनी पठाणकोटहून आणलेली शुद्ध लोकर आहे, क्रोशाचा सुती दोरा आहे, आणि ‘वहिनी, तुम्ही विणता ना, मग तुम्हीच घ्या’ म्हणून लोकांनी आणून दिलेलं पुष्कळ काही आहे. हे शेवटचं फार वाढतं. घरातलं विणणारं माणूस गेलं की गोव्यात त्या घराला लोकरीचं काय करावं ते कळत नाही. इथे थंडी ती कितीशी! पण आईच्या हातची लोकर टाकवतही नाही. मग ती फिरत फिरत वाड्यावरच्या दुसऱ्या विणणाऱ्या बाईकडे येते. ती लोकर पडून राहू नये असं मला मनापासून वाटतं.

साठा संपत नाही त्याचं कारण लोकर फार आहे हे नव्हे. प्रत्येक गुंडा नक्की किती आहे ते ठाऊक नसतं, म्हणून सुरुवात करायला हात धजत नाही. स्वेटर काखेपर्यंत आला आणि लोकर संपली तर, ही धास्ती. त्या धास्तीपायी आपण आधी नमुना ठरवतो, नमुन्यात लिहिली तेवढी लोकर बाजारातून आणतो, आणि त्यातली पुन्हा थोडी उरते. काट्याने हा क्रम उलटा होतो. आधी लोकर मोजायची, मग त्या वजनात काय बसतं ते विणायचं.

हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा. समजा लेबलवर १०० ग्रॅम आणि २२० मीटर लिहिलंय. गुंडा उरलाय ३७ ग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमला २.२ मीटर, आणि हातात ८१ मीटर. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं. लेबल हरवलं असेल तर वीस मीटर धागा पट्टीने मोजून तेवढाच काट्यावर ठेवा. दहा मीटर मोजून भागत नाही, कारण मध्यम जाडीची दहा मीटर लोकर चार-पाच ग्रॅमच भरते आणि एकाच ग्रॅमची चूक तिथे फार मोठी ठरते. जाडी ओळखायला पट्टीवर इंचभर जागेत धागा शेजारी शेजारी, न ओढता गुंडाळून वेढे मोजावेत. डबल निटिंग म्हणतात त्या लोकरीचे साधारण ११ ते १४ वेढे बसतात; वेढे याहून जास्त तर लोकर बारीक, कमी तर जाड.

मोजलेल्या प्रत्येक गुंड्याला मी जुन्या लग्नपत्रिकांची चिठ्ठी बांधते. वजन, कशाची लोकर, कोणती सुई. सुईचा नंबर लिहिताना मिलिमीटर जरूर लिहा. आपल्याकडच्या पोनी कंपनीच्या ८ नंबरच्या सुया ४ मिलिमीटरच्या, पण अमेरिकन नमुन्यातला ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड. इंटरनेटवरचे नमुने वापरणाऱ्या मुलींनी हे पाठ करून ठेवावं.

पलीकडच्या घरातल्या आंटी क्रोशाचं काम करतात, टेबलावरच्या रुमालांपासून वेदीच्या कापडाच्या किनारीपर्यंत. त्यांना काटा दाखवला तर त्यांनी गुंडी तळहातावर झेलली आणि म्हणाल्या, ‘म्हज्या हातांक कळटा.’ कळतं हे खरंच आहे. त्या आयुष्यभर एकाच जाडीच्या पांढऱ्या दोऱ्याने विणत आल्या आहेत, त्यांच्या हाताला दहा ग्रॅमचा फरक लागतो. माझ्या ट्रंकेत मात्र अनेक घरांची, अनेक जाडीची लोकर आहे. तिथे हाताचा अंदाज चालत नाही.

आता विणायचं काय. सर्वांत आधी हातात घ्यावा असा नमुना म्हणजे सुती दोऱ्याचा तिरका चौकोन. भांडी पुसायला, अंग घासायला, गरम पातेलं उचलायला, कशालाही चालतो, आणि आपल्या हवेत लोकरीपेक्षा सूतच जास्त कामाचं. ८ नंबरच्या सुईवर तीन टाके घाला. दर ओळीत पहिले दोन टाके विणून एक जाळी घ्या, म्हणजे धागा एकदा नुसता सुईवरून घ्या, आणि बाकी सगळं सुलट. दर ओळीला एक टाका वाढत जातो आणि त्रिकोण तयार होतो. निम्मा दोरा संपला की त्याच रीतीने दर ओळीला एकेक टाका कमी करत या. वाढवायला जेवढा लागला, जवळपास तेवढाच घटवायला लागतो. ३८ ग्रॅमची गुंडी असेल तर काट्यावर २० दिसेपर्यंत वाढवायचं, तिथून घटवायचं. तो एक जादा ग्रॅम टाके बंद करायला आणि टोक आत ओवायला. गुंडी १५ ग्रॅमची असो की ६० ग्रॅमची, चौकोन पुरा होतोच, फक्त लहान-मोठा होतो. मापाची, टाक्यांच्या गणिताची काही कटकट नाही. नवीन शिकणाऱ्या मुलीला मी हल्ली हेच पहिलं देते.

गळ्यापाशी सुरू होऊन खाली रुंदावत जाणाऱ्या तिकोनी शालीचं गणित वेगळं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. तिथे दर ओळ आधीच्या ओळीहून लांब असते, म्हणून निम्मी लोकर संपते तेव्हा ओळी निम्म्या झालेल्या नसतात, सुमारे ७० टक्के झालेल्या असतात. उरलेल्या निम्म्या लोकरीत फक्त ३० टक्के ओळी निघतात. शेवटच्या जाळीदार किनारीला किती ठेवायची हे ज्याला ठरवायचंय त्याने शेवटाकडच्या दोन ओळींच्या आधी आणि नंतर गुंडा मोजावा, म्हणजे एका ओळीला किती ग्रॅम जातात ते कळतं. टाके बंद करायला शालीच्या कडेच्या सुमारे चौपट लांबीचा धागा बाजूला राहू द्यावा. पठाणकोटच्या लोकरीची शाल मी अशीच विणली. हातात राहिला तो वीतभर धागा. ती शाल आता बेळगावला नणंदेकडे आहे. तिथे ती अंगावर घेता येते.

तुकड्यांसाठी गोधडीच्या धर्तीचं पांघरूण. ४१ टाके घालायचे, मधला टाका खूण म्हणून धरायचा आणि एक ओळ सोडून दर दुसऱ्या ओळीला मध्यावर तीन टाक्यांचा एक करत जायचं. शेवटी एकच टाका उरतो आणि काटकोनात वळलेल्या रेघांचा चौकोन तयार होतो. डबल निटिंग लोकर आणि ८ नंबरची सुई घेतली तर माझ्या हाताला एका चौकोनाला ६ ग्रॅमच्या आत लागतात, बाजू साडेनऊ सेंटिमीटर. म्हणजे काट्यावर ७ ग्रॅम भरणारा कुठलाही तुकडा हा एक चौकोन आहे. दहा ग्रॅमच्या ज्या गुंड्या पूर्वी कशाच्याच कामाच्या वाटत नव्हत्या, त्या आता मोजून वेगळ्या डब्यात जातात. पाळण्यातल्या बाळाचं पांघरूण ८ बाय १० चौकोनांचं केलं तर ८० चौकोन, लोकर अर्ध्या किलोच्या आत. पुढचा चौकोन आधीच्याच्या कडेवरून टाके उचलून विणला की शिवायचं कामही राहत नाही. रंगांचंही काट्यानेच जमतं. सगळी लोकर ४८० ग्रॅम भरली आणि त्यात पांढरी १२० असली, तर पांढरे चौकोन २०, म्हणजे दर चौथा पांढरा. एकदा हे ठरलं की पांढरा एका कोपऱ्यात गोळा होत नाही आणि पांघरूण बघणाऱ्याला ते उरल्यासुरल्याचं वाटत नाही.

याहून छोट्या, दोन-तीन ग्रॅमच्या सुती तुकड्यांची मी चवथीच्या तोरणासाठी क्रोशाची फुलं करते. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, कुणालाही येतील अशी पाच पाकळ्यांची फुलं.

बाळंतविड्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. साठ्यातली लोकर खऱ्या अर्थाने कामाला येते ती इथे. नवजात बाळाचं टोपडं २० ते २५ ग्रॅममध्ये होतं, मोज्यांची जोडी १५ मध्ये, बिनबाह्यांची बंडी ६० ते ७० मध्ये. १०० ग्रॅमचा एकच गुंडा शिल्लक असेल तर यातली कमीतली वजनं धरून तिन्ही एका रंगात निघतात, आणि हे विणायच्या आधी कळतं. मोज्यांसाठी गुंडा दोन सारख्या भागांत वाटून घ्यावा म्हणजे दुसरा मोजा अर्धवट राहत नाही. पण वजनाइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, लोकर कशाची आहे हे महत्त्वाचं. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घातल्यावर निखाऱ्यावर धुरी देतात. ॲक्रिलिक आचेला वितळतं आणि कातडीला चिकटतं. बिनलेबलच्या धाग्याचा दोन इंच तुकडा चिमट्यात धरून, बशीवर, काडीने पेटवून बघा. शुद्ध लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की आपोआप विझते आणि राखेची चिमटीत भुकटी होते. सूत कागदासारखं जळतं, मागे मऊ करडी राख. ॲक्रिलिक वितळत जळतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. हा मणी दिसला तर ते टोपडं धुरीच्या वेळी काढून ठेवायचं, हे मी विड्याबरोबर चिठ्ठीत लिहून देते. बाळाची आजी रागावली तरी चालेल.

काट्याच्या जोडीला मी लोकर गुंडाळायचं यंत्रही घेतलं, तेही सांगते. टेबलाच्या कडेला शिकंज्याने बसवायचं, दांडा फिरवायचा, की मधून धागा निघणारा चपटा गुंडा तयार होतो. ऑनलाइन मागवलं, हजाराच्या आसपास पडलं. चांगलं काय, तर गुंडा गडगडत नाही, डब्यात थरावर थर रचता येतो, आणि सासूबाईंच्या लडी बघता बघता मोकळ्या झाल्या. लडी धरायला खुर्चीची पाठ चालते. सुटीत नातू आला की त्याचे हात त्याहून बरे. खटकलं ते असं की शिकंजा पातळ फळीच्या मापाचा आहे. आमचं जेवणाचं टेबल फणसाच्या लाकडाचं, जाड कडेचं, त्यावर तो बसतच नाही. जुन्या गोव्याच्या घरांत असं फर्निचर पुष्कळ, तेव्हा आधी कडेची जाडी मोजा. मी ते इस्त्रीच्या टेबलाला लावते. शंभर ग्रॅमपुढे गुंडा वरून घसरायला लागतो. केसाळ लोकर त्यावर घालू नये, अडकते आणि तुटते. धागा ताणून तर कधीच गुंडाळू नये. ताणात राहिलेली लोकर विणताना लांब वाटते आणि कपडा पहिल्या धुण्यात आखडतो. एकदा गुंडाळलेला गुंडा पुन्हा सैल हाताने गुंडाळून घेतला की ते टळतं. साठा मोठा नसेल तर हे यंत्र नसलं तरी चालतं.

पावसाळ्याचा प्रश्न गोव्यातल्या विणणाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवा. वर्षाला इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि शुद्ध लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. त्यामुळे मे महिन्यात मोजलेला लोकरीचा गुंडा जुलैत जास्त भरतो, धागा तेवढाच असून. ॲक्रिलिक ओलावा जवळजवळ घेतच नाही, त्याचं वजन बारा महिने तेच. सूत या दोघांच्या मधलं. म्हणून शुद्ध लोकरीची सुरुवातीची आणि निम्म्याची वजनं एकाच ऋतूत घ्यावीत, आणि चिठ्ठीवर महिना लिहावा. कसर लागते तीही लोकरीलाच, ॲक्रिलिकला नाही, तेव्हा दोन्ही वेगळी ठेवली तर निम्म्याच ट्रंकेची काळजी करावी लागते. मी लोकर दसऱ्यानंतरच्या कोरड्या उन्हात पसरून, झटकून, हवाबंद पिशव्यांत भरते आणि प्रत्येक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालते.

काट्याचे दोष सांगितले नाहीत तर हे लिहिणं अपुरं होईल. दोन मिनिटं हात लावला नाही की तो आपोआप बंद होतो, आणि थाळीवर वाटी ठेवून शून्य केलेलं असेल तर ते पुसलं जातं. वाटी मात्र हवीच, कारण धाग्याचं लोंबणारं टोक टेबलाला टेकलं की वजन चुकतं. दुसरं, एक-दोन ग्रॅमच्या वस्तूला तो दाद देत नाही, आणि थोडं थोडं घालत गेलं तर आकडा हलतच नाही. तेव्हा आधी जड वाटी ठेवून, शून्य न करता, वाटीसकट वजन घ्या आणि वाटीचं वजा करा. आकडा जास्त खात्रीचा येतो. पंखा बंद करून मोजा. आमच्याकडे मे महिन्यात हे अवघड जातं, पण मिनिटभराचाच प्रश्न असतो.

सोनाराकडच्यासारखा, २०० ग्रॅमपर्यंत मोजणारा आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशातला काटाही मिळतो. जाळीदार बारीक शाली विणणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा, कारण तिथे एक ओळ अर्ध्या ग्रॅमची असते. ज्यांच्या साठ्यात माझ्यासारखी डबल निटिंग आणि सूत जास्त, त्यांनी स्वयंपाकघरातलाच घ्यावा; त्याची थाळी मोठी, आणि उसवलेला अख्खा स्वेटर एकदम ठेवता येतो. डब्यात आलेले सेल काढून चांगले घाला, आणि पावसात काटा वापरात नसेल तेव्हा सेल बाहेर काढून ठेवा, नाहीतर दमट हवेत आतल्या पत्र्या गंजतात.